जुंबेरची बॅटरी

माझ्या मुलाची, मेराबची गाडी नोव्हेंबरातल्या एका बुधवारी, चार प्रवासी घेऊन, कोजोरीच्या चढावर बसली. मेली असती तर परवडलं असतं, लोक निदान हळहळले असते. ती मेली नाही. बैलाच्या चालीने सरपटत राहिली. मागच्या सीटशेजारचा पंखा किंचाळत होता आणि स्टिअरिंगसमोर लाल त्रिकोण पेटला होता. मागे बसलेली शाळामास्तरीण शेवटी खाली उतरली, पिशवी काखोटीला मारली आणि चालत चालत गाडीच्या पुढे निघून गेली. ही बातमी दुपारच्या आत आमच्या गावातल्या पावाच्या दुकानात पोचली, आणि मी तिथेच उभी होते.

दुकानातली बाई म्हणाली, "झुझुना काकी, मेराबला म्हणावं, चढावर अर्धंच भाडं घे. चालायचं तर लोकांनाच आहे."

मी हातातला पाव तिच्या फळीवर परत ठेवला आणि घरी आले. त्या दिवशी आम्ही कालचा पाव खाल्ला.

ही गाडी अर्धी पेट्रोलवर चालते, अर्धी विजेवर. सतरा वर्षांची आहे. अमेरिकेत कुणीतरी तिचं तोंड फोडलं, मग ती जहाजाने इकडे आली आणि रुस्तावीत तिला नवं तोंड बसलं. आमच्या बाजूला दर दुसरी गाडी अशीच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेराब तिच्यावर रोज तिबिलिसीच्या दोन खेपा मारतो. ऑगस्टमध्ये तिची मोठी बॅटरी दमली, तेव्हा जुंबेरने दुसरी बसवली. नवी नव्हे. ठोकलेल्या गाड्यांतल्या बॅटऱ्या सोडवायच्या, त्यातले धडधाकट सेल निवडायचे आणि त्यांची एक बॅटरी बांधायची, अशी त्याची पद्धत. "दोन वर्षं हिच्याकडे बघायला नको," असं तो माझ्या अंगणात उभा राहून म्हणाला होता. दोन वर्षं राहू द्या, तीन महिने झाले होते.

जुंबेर आमच्याच डोंगरातला, स्वानेतीचा. ज्या हिवाळ्यात हिमलोटाखाली आमची घरं गेली, त्यानंतर सरकारने आम्हाला या सपाटीवर आणून टाकलं. त्याचा बाप आणि माझा नवरा एकाच ट्रकमधून खाली आले, पहिला हिवाळा आम्ही एकाच शेगडीभोवती काढला. जुंबेर तेव्हा पाच वर्षांचा होता आणि माझ्या हातच्या कुब्दारीतलं मांस वेचून खायचा, पोळी टाकून द्यायचा. तेव्हापासून मी त्याला बोलते. परक्याला कोण कशाला बोलेल?

गुरुवारी सकाळी ट्रॅक्टरला बांधून गाडी त्याच्या गॅरेजपुढे नेली. मेराब, मी आणि माझी सून माक्वाला. तिला सातवा महिना होता, घरी बस म्हटलं तर बसली नाही. माझं भांडण बघायला ती नेहमी येते. गॅरेजपुढे आणखी पाचसहा माणसं गाड्यांसाठी थांबली होती, म्हणजे श्रोते भरपूर.

जुंबेरने स्टिअरिंगखाली एक यंत्र लावलं. यंत्राच्या काचेवर अक्षरं उमटली, ती मेराबने मोठ्याने वाचली. पी, शून्य, ए, ऐंशी. त्याखाली आणखी एक. मी मेराबला अर्थ विचारला. तो मान खाली घालून म्हणाला, "मोठी बॅटरी बदला, असा अर्थ होतो."

"घ्या," मी म्हटलं. "आता यंत्रच सांगतंय."

"यंत्र कुठे दुखतंय तेवढं सांगतं, काकी," जुंबेर म्हणाला. "कुणी मारलं ते नाही सांगत."

मग तो प्रश्न विचारायला लागला. त्रिकोण थंडीत पेटतो की चढावर? बॅटरीच्या खुणा झरझर वरखाली होतात का? पंखा कधीपासून ओरडतो? मेराब उत्तरं देत होता. शेवटी जुंबेरने विचारलं, मागे काही सांडलं होतं का. पाणी, दूध, काहीही.

मेराबने माझ्याकडे पाहिलं. डिकी आमच्या घरात मी भरते आणि मीच रिकामी करते.

"काही नाही," मी म्हटलं.

इथे मला मागचं सांगितलं पाहिजे. ऑक्टोबरात मेराब आणि मी सुनेच्या माहेरी गेलो होतो, काखेतीला. द्राक्षांचा हंगाम उरकला होता. तिच्या बापाने आम्हाला कोवळी वाइन दिली, अजून आतल्या आत उकळणारी. प्लास्टिकचे चार मोठे कॅन. विहीणबाई गाडीपर्यंत येऊन म्हणाल्या, "झाकणं सैल ठेवा हं, ती अजून श्वास घेते." असं म्हणाल्या, जसं काही मी आयुष्यात पहिल्यांदा पेय बघत होते. आम्ही डोंगरातली माणसं द्राक्ष लावत नाही, अराक गाळतो, आणि अराकचं झाकण सैल ठेवलं तर सकाळी बाटलीत पाणी उरतं. हे पोरीसुद्धा जाणतात. गाडी त्यांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर वळल्यावर मी मेराबला थांबवलं, मागे गेले आणि चारही झाकणं डोक्याचा रुमाल गुंडाळून, दोन्ही हातांनी आवळली.

घरी पोचलो तेव्हा मेराब थेट झोपायला गेला. मी डिकी उघडली. तीन कॅन फुगून ढोल झाले होते, आणि चौथ्याची खालची शिवण उसवून तो जवळजवळ रिकामा झाला होता. गालिचा चिंब. मी तो काढून धुतला, फाटका कॅन कोंबड्यांच्या खुराड्यामागे पुरला. दुसऱ्या दिवशी सून म्हणाली, बाबा तर फोनवर चार म्हणाले. मी म्हटलं, चौथा मी देवळात दिला. ती "बरं" म्हणाली. तिच्या त्या "बरं"चा मला तिटकारा आहे.

तर जुंबेरने विचारलं तेव्हा वाइन मला आठवली. नाही कशाला म्हणू. पण माझ्या नवऱ्याच्या रशियन जीपमध्ये बॅटरी पुढे असायची, इंजिनाच्या शेजारी. माझ्या मते सगळ्या गाड्यांत ती तिथेच. डिकीतल्या वाइनचा आणि तिचा काय संबंध? शिवाय सून दोन हातांच्या अंतरावर उभी होती, पोटावर हात ठेवून, माझ्या तोंडाकडे बघत.

जुंबेर म्हणाला, बॅटरीची झाकणी उघडून बघतो, तासाभराचं काम. मी गाडीच्या बॉनेटपुढे जाऊन उभी राहिले.

"तू हात लावायचा नाहीस," मी म्हटलं. "तू उघडशील, सडका डबा काढशील, खिशात घालशील आणि वरून आम्हालाच सांगशील की आम्ही गाडी नीट चालवत नाही."

"आई," मेराब म्हणाला.

"तू गप्प बस. तुझ्या गाडीत त्याने मेलेल्या गाड्यांतलं मढं घातलं आणि तू त्याला सिगारेट देतोस."

जुंबेरने हात पुसले. फडक्याने एकेक बोट पुसलं. म्हणाला, "काकी, हे परत म्हणा. तिकडे उभ्या असलेल्यांना नीट ऐकू गेलं नाही."

मी परत म्हटलं, आणि आवाज चढवून म्हटलं. पुढे तोंडातून जे गेलं ते मी घरून ठरवून आणलेलं नव्हतं, पण गेलं. "खरा असशील तर प्रतिमेवर हात ठेव आणि सांग."



आमच्यात हे वाक्य कोंबडीसाठी किंवा कुंपणासाठी कोणी उच्चारत नाही. खाली येताना आम्ही आमच्या देवळातली संत जॉर्जची चांदीची प्रतिमा घोंगडीत गुंडाळून आणली होती. भांडण कोर्टात नेण्यापेक्षा आम्ही तिच्यापुढे नेतो. आरोप करणारा आरोप सांगतो, दुसरा प्रतिमेवर हात ठेवून शपथ घेतो, आणि तिथे विषय संपतो. खोटी शपथ घेणाऱ्याचं घर बसतं, हे सगळे बोलतात. निर्दोष माणसाला तिच्यापुढे उभं करणाऱ्याचंही घर बसतं, हे कमी बोललं जातं, पण सगळ्यांना ठाऊक असतं.

जुंबेर पांढरा पडला होता. भीतीने नव्हे. "पुढच्याच्या पुढच्या रविवारी," तो म्हणाला. "भाऊ डोंगरातून येतील. मला त्यांच्यादेखत घ्यायची आहे. आणि काकी, तोवर माझ्या दारात येऊ नका."

"गाडी ट्रॅक्टरला बांध," मी मेराबला सांगितलं.

त्यानंतरचे दहा दिवस कसे गेले ते गावाला विचारा. गॅरेजपुढल्या गाड्यांपैकी दोन त्याच संध्याकाळी हलल्या, सोमवारी आणखी तीन. लोक तोंडावर काही बोलत नव्हते. कुणाला मेहुण्याकडे काम निघालं, कुणाला वाटलं गाडी अजून चालतेय. जुंबेरची बायको पावाच्या दुकानात आली की बाया रांगेत थोड्या सरकून उभ्या राहायच्या. मी सरकले नाही. माझ्या शेजारी उभी राहून तिने एकदा मला विचारलं, "काकी, आमच्या घरात तुम्ही काय खाल्लंत जे पचलं नाही?" मी म्हटलं, "तुझ्या नवऱ्याचा शब्द."

घरी मेराब माझ्याशी बोलत नव्हता. त्याला काही हवं असलं की तो बायकोला सांगायचा आणि ती मला सांगायची, आम्ही तिघं एकाच टेबलाशी बसलेलो असताना. शपथेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, त्याने तिच्याकडून निरोप दिला की उद्या तो गाडी रुस्तावीला राफिककडे नेतोय. राफिक आर्मेनियन, या गाड्यांच्या विजेचं काम करणाऱ्यांत सगळ्यात जुना तोच, आणि आमच्या गावात त्याचं कुणी नाही. मी मेराबला थेट सांगितलं, मी येणार. मला तो सडका सेल हवा होता. रविवारी तो पिशवीतून काढून प्रतिमेपुढे ठेवायचा आणि जुंबेरच्या भावांना म्हणायचं, घ्या, वास घ्या.

राफिक साठीचा, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने नमस्काराला मान हलवली आणि मला बसायला एक टायर दाखवला. मी उभी राहिले.

त्याचं यंत्र जुंबेरच्या यंत्रापेक्षा मोठं होतं. तेच आकडे आले, पी शून्य ए ऐंशी. राफिकने ते वाचलेही नाहीत धड, पुढे गेला. काचेवर चौदा दांडे उभे राहिले. बॅटरीत अठ्ठावीस सेल, दोन दोन मिळून चौदा जोड्या, हे त्याने मेराबला सांगितलं आणि मी ऐकलं. मग त्याने मेराबला गाडीत बसवलं आणि ब्रेक दाबून ठेवून पेट्रोल दे म्हणून सांगितलं. गाडी जागच्या जागी गुरगुरली. बारा दांडे एका उंचीवर डुलले, पंधरा व्होल्टच्या आसपास. चौथा आणि पाचवा धपकन बाराच्या खाली गेले, आणि पाय काढल्याबरोबर टुणकन सगळ्यांच्या वर.

"बघितलंस?" मी मेराबला म्हटलं. "दोन सडके."

"बाई," राफिक म्हणाला, "बघायला अजून सुरुवात नाही केली."

त्याने कोपरापर्यंत रबरी हातमोजे घातले, डिकीतून एक नारिंगी खटका उपसून खिशात टाकला, आणि घड्याळ बघत दहा मिनिटं नुसता उभा राहिला. वीज निवू द्यावी लागते, म्हणे. त्याच दहा मिनिटांत माझ्या लक्षात आलं की तो पुढे जातच नाहीये. तो डिकीशीच उभा होता.

मी मेराबला विचारलं, "बॅटरी पुढे नाही का?"

"मागे आहे, आई. डिकीच्या तळाशी. कधीपासूनच."

मी मग त्या टायरवर बसले.

राफिकने फळी काढली, पत्रा काढला. आत सेल पुस्तकांसारखे उभे, आणि त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. पट्ट्यांवर हिरवं शेवाळ चढलं होतं, चौथ्या-पाचव्या जोडीवर तर पपडी. मेराब म्हणाला, "ओल."  राफिकने त्याला बाजारात पिटाळलं, नव्या पट्ट्या आणि नव्या नटांसाठी.

आम्ही दोघं राहिलो. त्याने पट्ट्या सोडवल्या आणि मीटरच्या दोन सुया घेऊन प्रत्येक सेलला वेगळं विचारत गेला. सात पॉइंट आठ. सात पॉइंट आठ. सात पॉइंट नऊ. चौथ्या जोडीशी तो थांबला, दोनदा लावलं, मला मीटर दाखवला. सात पॉइंट आठ.

"सेल ठणठणीत आहेत," तो म्हणाला. "मधली पट्टी खाल्ली गेलीय. वीज अडते, यंत्राला वाटतं सेल मेला. आणि हे बघा."

प्रत्येक सेलच्या माथ्यावर काळ्या पेनाने लिहिलेलं होतं. क्रमांक, ऑगस्टमधला आकडा आणि खाली मेराबचं नाव. अठ्ठावीस वेळा. जुंबेरचं अक्षर मी ओळखते, लहानपणी आमच्या शेगडीच्या कडेवर कोळशाने लिहायचा. शेवटच्या सेलवर दोन ओळी जास्त होत्या. मला बारीक अक्षर लवकर लागत नाही. राफिकने चष्मा लावून वाचलं.

"'सगळ्यात दणकट हा. झुझुना काकींच्या तोंडापुढे टिकला पाहिजे.'" त्याने चष्मा खाली सोडला. "तुम्हीच का?"

"मीच."

त्याने एक पट्टी उचलून नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली. व्हिनेगरचा वास. मी मान वळवली.

"द्राक्षं नेली होती?"

"वाइन."

"कोवळी?"

"कोवळी."

"आणि झाकण?"

मी डोक्याचा रुमाल आवळला. तो आवाज न करता हसला, खांदे तेवढे हलले. "डोंगरातल्या ना तुम्ही," तो म्हणाला.

"तू तुझं काम कर."

"करतोय." तो पट्ट्या एका फडक्यावर मांडत होता. "मुलाला काय सांगू? ओल म्हणू? ओल कुणाच्या नात्यातली नसते."

"तुला गाडीचं विचारलंय. गाडीचं बोल."

पण मी नको म्हटलं नाही, हे त्याने ऐकलं आणि मीही. मेराब पट्ट्या घेऊन आला तेव्हा राफिकने त्याला एवढंच सांगितलं की सेल चांगले आहेत, पट्ट्या गंजल्या होत्या. दुपारपर्यंत बॅटरी जोडून झाली, यंत्रातले आकडे पुसून झाले, गाडी चालू केली तर त्रिकोण नाही. जाताना राफिकने एक जुनी हिरवी पट्टी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुम्ही पुरावा न्यायला आला होतात ना," तो म्हणाला. असल्या माणसाला बायको कशी मिळते, मला कळत नाही.

परतीच्या वाटेवर मेराब नऊ दिवसांनी माझ्याशी बोलला. त्याने सगळा हिशेब बसवला होता. ओल म्हणजे जुंबेरची चूक नाही, आपलीही नाही. मी उद्या आरोप मागे घ्यायचा, ओल होती म्हणायचं, जुंबेरने हसून सोडायचं. "सेल बरोबर असतील, पण पत्रा सैल बसवला असेल, म्हणून ओल गेली, असं म्हणतील लोक," मी म्हटलं. मेराब म्हणाला, लोक काहीही म्हणतात. बरोबर होतं ते. आणि जुंबेरच्या गॅरेजपुढे काहीही म्हणायला लावणारी मी होते. कोजोरीच्या चढावर गाडी उंदरासारखी बिनआवाज पळाली. मी पर्समध्ये ती पट्टी चाचपत होते.

घरी सुनेने जेवण वाढलं. तिला मेराबने ओलीचं सांगितलं. ती माझ्या ताटात मीठ ठेवत म्हणाली, "बरं."

रविवारी देऊळ गच्च होतं. तेवढी गर्दी ईस्टरलासुद्धा होत नाही. जुंबेर दोन भावांच्या मध्ये उभा होता, दाढी करून, हातात टोपी. बायको काळ्या कपड्यांत, जशी काही मयताला आली होती. प्रतिमा सांभाळतो तो बेशकेन, नव्वदीचा, माझ्या सासऱ्याचा मित्र. त्याने घोंगडी सोडवली, चांदीवरून आपला सुरकुतलेला हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं. "झुझुना, तू आधी. काय म्हणणं आहे ते सांग."

मी पुढे गेले. मेराब हळूच म्हणाला, "ओल, आई." एवढंच.

मी पाहिलं तर सून भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पोटावर. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती वाट बघत होती. मी देवळात दिलेला चौथा कॅन तिला या देवळात कुठेच दिसत नव्हता.

मी उजवा हात प्रतिमेवर ठेवला. चांदी बर्फासारखी होती. बेशकेन म्हणाला, तुझी शपथ नाही, त्याची आहे, हात काढ. मी काढला नाही.

"जुंबेरने माझ्या मुलाला चांगली बॅटरी दिली," मी म्हटलं. "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस सेल चांगले होते, अजून आहेत. ती माझ्या हाताने बिघडली. कोवळ्या वाइनच्या कॅनची झाकणं मला विहिणीने सैल ठेवायला सांगितली, मी आवळली. एक कॅन फुटला, वाइन डिकीतून खाली बॅटरीत गेली. तो कॅन मी देवळात दिला असं घरी सांगितलं. दिला नाही, खुराड्यामागे पुरलाय. याने मला विचारलं, काही सांडलं का, तर मी नाही म्हटलं. म्हणजे लबाड मी आहे." मी कागद उघडून ती हिरवी पट्टी प्रतिमेच्या पायाशी ठेवली. "याला बोलायची रीत नाही आणि तो मोठ्यांसमोर सिगारेट ओढतो, ते वेगळं."

मागून कुणाचा तरी हसण्याचा आवाज झाला आणि तिथेच दाबला गेला. विहिणीपर्यंत हे संध्याकाळच्या आत पोचणार होतं. मी सुनेकडे बघितलं नाही.

जुंबेर पुढे आला. मला वाटलं, आता हात देईल. मी हात खाली घ्यायला लागले.

"झालं?" तो म्हणाला. "सरका. माझी पाळी."

"अरे, तिने मागे घेतलं," बेशकेन म्हणाला. "आता शपथ कशाची?"

"दहा दिवस मी तिच्या शब्दावर चोर होतो. आता तिच्याच शब्दावर साव व्हायचं? मला माझ्या शब्दावर व्हायचंय." आणि त्याने प्रतिमेवर हात ठेवला.

निर्दोषाला शपथ घ्यायला लावणाऱ्याचं काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. भिंतीशी माझी सून उठून उभी राहिली होती. मी जुंबेरचं मनगट धरलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हातात काही जोर नसतो, पण झाकणं आवळायला पुरतो तेवढा होता.

"माझ्या घरात मूल येतंय," मी म्हटलं. हळू म्हटलं, त्याच्यापुरतं.

"माझ्या घरात दोन आहेत. त्यांना शाळेत काय म्हणतात, माहितीये?"

"काय पाहिजे तुला?"

त्याने माझ्या हाताकडे पाहिलं. मग त्याने आपला हात प्रतिमेवरून उचलला.

"आळ जिथे घातलात तिथून काढा," तो म्हणाला. "देवळात नाही घातलात. माझ्या दारात घातलात."

सोमवारी सकाळी आठ वाजता मी घरातलं स्टूल घेतलं आणि जुंबेरच्या फाटकाशी जाऊन बसले. मेराब म्हणाला, आई, एक दिवस पुरे. मी म्हटलं, मी दहा दिवस बोललेय, दहा दिवस बसेन. माक्वालाने मला लोकरीची चादर आणि थर्मास दिला. थर्मासचं झाकण सैल होतं. मी तिच्याकडे पाहिलं, ती माझ्याकडे. मी ते तसंच राहू दिलं.

येणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगितलं. बॅटरी चांगली होती, वाइन माझी होती. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही, मी रस्त्यावरून जाणाऱ्यांना थांबवून सांगितलं. पावाच्या दुकानातली बाई मुद्दाम दोनदा आली, दुसऱ्यांदा म्हणाली, नीट ऐकलं नव्हतं. मी तिला दुसऱ्यांदा सांगितलं. शाळामास्तरीण थांबली, ऐकलं, म्हणाली, म्हणजे मी उगाच चालले. बुधवारपासून गाड्या यायला लागल्या. जुंबेरने मला पाणी विचारलं नाही, ना आत बोलावलं. त्याची बायको माझ्या अंगावरून अशी जायची जसा मी फाटकाचा खांब. तेही ठीक. मी काही त्यांच्या पाहुणचाराला बसले नव्हते.

शुक्रवारी एक परका आला, बोल्निसीचा, हायब्रिड गाडी घेऊन, लाल त्रिकोण पेटलेला. काच खाली करून तो म्हणाला, "मावशी, इथला मिस्त्री बरा आहे का?"

"मिस्त्री बरा आहे, माणूस नाही," मी म्हटलं. "मागे काही सांडलं होतं का?"

तो विचारात पडला. "आठवड्यापूर्वी दह्याचा डबा कलंडला होता जरा."

"झाकण कोणी लावलं होतं?"

"काकी," गॅरेजमधून जुंबेरचा आवाज आला, "ते विचारायचं काम माझं."

"मग विचार की. मी काय तुझी जीभ धरलीय?"

तो हात पुसत बाहेर आला. गाडीकडे गेला, मग वळून माझ्या स्टुलाकडे बघितलं. "जरा पुढे घ्या ते," तो म्हणाला. "गाडी आत घ्यायचीय."

मी स्टूल दोन हात पुढे घेतलं. फाटकाच्या आत.